डान्सबारचा गुन्हेपट, तुटपुंज्या पैशांत: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बारमध्ये नाचणारी मुलगी, गल्ल्यावर बसलेला शेठ, कोपऱ्यातल्या टेबलावरचा खबरी आणि मागच्या दाराशी पडलेलं प्रेत. एवढ्याशा भांडवलावर जगभर स्वस्तातले सिनेमे निघत आले आहेत. एकच जागा, रात्रीची वेळ, नाच आणि मारामारी असली की स्टार नसतानाही पोस्टर विकलं जातं. हे सिनेमे आपटतात तेव्हा दोष बहुतेकदा गोष्टीत नसतो. बार खोटा दिसतो, संवाद ऐकू येत नाहीत आणि नाचणारी बाई नुसती शोभेला उभी केलेली असते. खाली दिलेला क्रम या तीन गोष्टी सांभाळण्यासाठी आहे. मुंबई-ठाण्याचा डान्सबार, आठ-नऊ दिवसांचं शूटिंग आणि पंधरा-वीस जणांचं युनिट धरून तो लिहिला आहे.

पायरी १: आधी साल ठरवा

बारमध्ये काय चालतं हे कथेच्या सालावर ठरतं, आणि नवे लेखक पहिल्यांदा इथेच घसरतात. २००५ च्या पावसाळ्यापर्यंत परवाना असलेल्या बारमध्ये नाच उघडपणे चालायचा. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि १५ ऑगस्ट २००५ पासून बंदी आली. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली, पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १६ जुलै २०१३ ला येईपर्यंत व्यवहारात बंदीच राहिली. त्या मधल्या वर्षांतला बार म्हणजे ऑर्केस्ट्रा बार: एक-दोन जण माइकवर गाणार, बाकीच्या मुली नुसत्या उभ्या. २०१४ मध्ये कायदा पुन्हा बदलला, २०१६ मध्ये वेगळा कायदा आला आणि १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या. टीप द्यायला मुभा मिळाली. नोटा उधळायला मनाई मात्र कायम राहिली.

पटकथेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की २००४ च्या कथेत नोटांचा पाऊस हा रोजचा प्रकार आहे, तर २०१९ नंतरच्या कथेत तोच गुन्हा आहे. म्हणजे दारावर पहारेकरी हवा, आत इशाऱ्याची घंटा हवी, हप्ता हवा. गुन्हेपट लिहिणाऱ्याला ही अडचण वाटायचं कारण नाही, यात दोन-तीन प्रसंग फुकट मिळतात.

साल एकदा ठरलं की सामानही ठरतं. आजची चॉकलेटी दहाची नोट जानेवारी २०१८ मध्ये आली. २००४ च्या बारमध्ये ती उडाली तर प्रेक्षक स्क्रीनशॉट काढून फिरवतात. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, त्यामुळे त्याआधीच्या बारमध्ये धूर भरलेला असणं बरोबर आणि नंतरच्या बारमध्ये टेबलाटेबलावर सिगारेट पेटलेली असणं चूक. दिव्यांचंही तसंच. जुन्या बारमध्ये रंगीत जिलेटीन लावलेले पार लाइट (स्टेजवरचे डब्यासारखे दिवे), ट्यूबलाइट आणि फिरता आरशांचा गोळा असायचा; रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या नंतरच्या.

पायरी २: बार मिळवा, मग लिहा

बाराचा सेट उभारायच्या भानगडीत पडू नका. आरसे, फरशी, काउंटर आणि कोच एवढ्यातच अर्धं बजेट जातं. अमेरिकेत स्वस्तातले सिनेमे काढणाऱ्या रॉजर कॉर्मन यांनी १९६० च्या ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चं मुख्य चित्रण आधीच्या एका सिनेमाच्या उरलेल्या सेटवर दोन दिवस आणि एका रात्रीत उरकलं होतं. तुमच्यासाठी उरलेला सेट म्हणजे दिवसा बंद असलेला खरा बार. पटकथेचा तिसरा खर्डा त्या जागेत बसून लिहा: स्टेजपासून मागच्या दारापर्यंत किती पावलं, मेकअप रूम कुठे, गल्ल्यावरून काय दिसतं. जागेत नसलेला जिना पटकथेत राहिला की तो एक दिवस खातो.

मालकाशी बोलताना सकाळी सातला ताबा आणि संध्याकाळी पाचला झाडून-पुसून परत, असा व्यवहार करा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ड्राय डे आधी मागून घ्या. त्या दिवशी मालकाचा धंदा तसाही बंद असतो, त्यामुळे भाडं उतरतं आणि रात्रीही काम करता येतं. संमतिपत्रावर परवानाधारकाचीच सही घ्या, मॅनेजरची चालत नाही. बाराच्या खऱ्या नावाची पाटी झाका. गुन्ह्याच्या गोष्टीत खऱ्या बारचं नाव दिसलं की पुढे नोटीस येते. स्थानिक पोलीस ठाण्याला तारखा आणि प्रसंगाचं स्वरूप लेखी कळवा. रस्त्यावरच्या शूटिंगला वाहतूक पोलीस आणि महापालिका वॉर्डाची परवानगी वेगळी लागते. जागा सरकारी असेल तर गोरेगाव चित्रनगरीच्या महामंडळाच्या एक खिडकी योजनेतून अर्ज करायचा.

पाच दिवसांत बारमधली चाळीस पानं उरकायची म्हणजे रोज आठ. हे जमतं, पण प्रसंगाच्या क्रमाने नाही, दिशेच्या क्रमाने. स्टेजकडे बघणारे सगळ्या प्रसंगांचे शॉट आधी संपवा, मग लाइट फिरवून काउंटरकडे वळा. दर वळणाला दीड ते दोन तास जातात. दिवसात दोनदा वळलात तर दोन पानं गेली असं धरा. या पद्धतीत कंटिन्युइटीचे, म्हणजे शॉटला शॉट जुळण्याचे, हाल होतात. उपाय: प्रत्येक प्रसंगाचा कपडे, दागिने, ग्लासातली पातळी आणि केस दाखवणारा फोटो छापून भिंतीला लावा. मोबाइलमध्ये ठेवलेला फोटो ऐन वेळी सापडत नाही.

पायरी ३: नाचणाऱ्या कलाकारांशी लेखी बोला

इथे ‘सेटवर बघू’ चालत नाही. करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: पोशाख कोणता, कॅमेरा कुठून आणि किती जवळून, कोण कुठे हात लावणार, आणि यातलं काय पोस्टर-ट्रेलरमध्ये वापरणार. शेवटची ओळ बहुतेक करारांत नसते आणि भांडण नेमकं तिच्यावरूनच होतं. वयाचा पुरावा आधी घ्या आणि फाइलला लावा. अठराच्या आतलं कोणीही या प्रसंगांत नको, मागच्या रांगेतसुद्धा नको. युनिटमध्ये दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळ प्रतिबंध कायदा, २०१३ प्रमाणे अंतर्गत समिती लागते. तिच्या सदस्यांची नावं कॉलशीटवर (रोजच्या कामाच्या पत्रकावर) छापा. नाजूक प्रसंगाला सेटवर फक्त गरजेची माणसं ठेवा, सगळ्यांच्या मोबाइल कॅमेऱ्यावर स्टिकर लावा आणि मॉनिटर भिंतीकडे तोंड करून ठेवा.

नाचाचं वेळापत्रक शरीराकडे बघून करा. घागरा पाच-सहा किलोचा असतो, एसी बंद असतो (का ते पुढे येईल) आणि फरशी कडक असते. पूर्ण गाणं दिवसात तीन-चार वेळांपेक्षा जास्त मागू नका. बाकी तुकड्यांत घ्या. नाचायच्या जागेत दर टेकआधी झाडू आणि ओलं फडकं फिरवा. टिकल्या, मणी, काचेचा चुरा आणि सर्वांत वाईट म्हणजे नोटा. अनवाणी पायाखाली कोरी नोट आली की पाय सरकतो. उधळण चालू असताना गिरक्या घ्यायला लावू नका. गिरकी आधी घ्या, नोटा नंतर पाडा, आणि संकलनात जोडा.

लेखनाबद्दल एक मत. नाचणारी बाई कामावर आली आहे हे दिसू द्या: पायाला पट्टी बांधणं, रात्रीच्या टीपेचा हिशेब, कुठल्या टेबलाकडे पाठ करायची याचं भान. असे तीन शॉट स्वस्त असतात आणि त्यांच्यामुळे पुढचा खून मनाला लागतो. नुसती कंबर दाखवलेला सिनेमा दहाव्या मिनिटाला थंड पडतो, शिवाय कात्रीही तिथेच चालते.

पायरी ४: आरसे, दिवे, धूर

डान्सबारच्या भिंती आरशांच्या असतात आणि कॅमेरा त्यात दिसतोच. कॅमेरामन, फोकसवाला आणि बूमवाला (काठीवरचा माइक धरणारा) यांना काळे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कॅमेऱ्याला काळं कापड गुंडाळा आणि आरशाला काटकोनात उभे राहू नका. आरसा चौकटीत सैल असेल तर वरच्या कडेमागे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची पुठ्ठ्याची पाचर घाला. प्रतिबिंब खाली झुकतं आणि कॅमेरा फ्रेमबाहेर जातो. चिकटवलेल्या आरशावर झिरमिळ्या किंवा पातळ पडदा सोडा. केसांचा स्प्रे मारून आरसा मंद करता येतो, पण पाचच्या आत तो पुसायचाय हे लक्षात ठेवा.

खिडक्या आणि एक्झॉस्टची भोकं काळ्या कापडाने बाहेरून बंद करा. आतून लावलं की कडेने उजेडाची रेघ राहते आणि दुपारी बारानंतर ती भिंतीवर सरकायला लागते.

दिव्यांत दोन धोके आहेत. पहिला फ्लिकर, म्हणजे चित्रात दिसणारी दिव्याची लपलप. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा. २४ फ्रेमवर चित्रण करत असलात तरी १/५० च. तरीही स्वस्त एलईडी पार मंद केले की लपलपतात, कारण ते प्रत्यक्षात मंद होत नाहीत, फार वेगाने चालू-बंद होत असतात. लोकेशन पाहायला जाल तेव्हाच प्रत्येक रंग पूर्ण, अर्ध्या आणि पाव तीव्रतेवर मिनिटभर चित्रित करून मोठ्या पडद्यावर बघा. लपलपणारा दिवा पूर्ण तीव्रतेवर ठेवा आणि जिलेटीन किंवा अंतर वाढवून त्याचा उजेड कमी करा. दुसरा धोका लाल रंगाचा. गडद लाल एलईडीमध्ये चेहरा सपाट होतो, कारण सेन्सरचा एकच रंग भरून वाहतो आणि बाकीचे रिकामे राहतात. लाल मागे ठेवा. चेहऱ्यावर एका बाजूने उबदार पांढरा दिवा द्या, लालपेक्षा थोडा वरचढ.

विजेचा हिशेब कागदावर करा. १००० वॉटचा पार सव्वाचार अँपिअर घेतो, धुराचं १५०० वॉटचं मशीन साडेसहा आणि ३०० वॉटचा एलईडी सव्वा. १५ अँपिअरच्या एका सॉकेटवर तीन पार आणि त्यात धूर म्हणजे फ्यूज उडणारच, तोही चांगल्या टेकच्या मध्यात. जुन्या काळाच्या कथेसाठी पार वापरणार असाल तर जनरेटर धरूनच चला.

धूर दोन प्रकारचा. फॉग मशीनचा धूर ढगासारखा येतो आणि दोन मिनिटांत विरतो, त्यामुळे शॉटला शॉट जुळत नाही. हेझरचा बारीक धूर हवेत पसरून टिकतो, तोच घ्या. शॉटआधी वीस मिनिटं सोडा, पंख्याने फिरवा, मग बंद करा. एसी चालू असेल तर तो सगळा ओढून घेतो. फायर अलार्म कोणता आहे आणि कोण बंद करणार हे आदल्या दिवशी ठरवा, आणि तो बंद आहे तोवर एक माणूस अग्निशामक सिलिंडर घेऊन उभा ठेवा.

पायरी ५: आवाज

स्वस्त सिनेमा खरा मरतो तो इथे. संवाद चालू असताना गाणं वाजवायचं नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. नंतर काय बिघडतं ते मात्र मिक्सिंगच्या टेबलावर कळतं: शांत बारमध्ये नट खाजगी आवाजात बोललेले असतात, खाली गाणं चढवलं की ते बुडतात, आणि गाणं उतरवलं की बार रिकामा वाटतो. म्हणून तालीम पूर्ण आवाजात गाणं लावून करा. नट आपोआप मोठ्याने बोलतात, पुढे झुकतात, कानाशी जातात. ते अंगवळणी पडलं की गाणं बंद करून टेक घ्या. टेकच्या मध्यात आवाज खाली आला तर साउंड रेकॉर्डिस्टला कट म्हणायचा अधिकार द्या.

मागे नाचणाऱ्यांना ताल हवा. सेटवर ज्याला ‘नागरा’ म्हणतात त्या गाणं वाजवायच्या प्लेबॅक यंत्रणेवरून गाण्याच्या पहिल्या दहा सेकंदांनंतर फक्त ४० हर्ट्झचा ठोका चालू ठेवा. सबवूफरवर तो पायाला जाणवतो आणि नंतर ८० हर्ट्झखालचं सगळं कापलं की संवादाखालून निघून जातो. ठोका गाण्याच्याच लयीचा हवा. गाणं मिनिटाला ११६ मात्रांचं आणि ठोका १२० चा असेल तर तिसऱ्या ओळीला सगळ्यांचे पाय सुटतात.

पैंजण काढा किंवा आतून कापूस भरा. गिऱ्हाइकांच्या बुटांना तळाशी फेल्ट चिकटवा. बर्फ खरा नको, अ‍ॅक्रिलिकचाही नको, दोन्ही किणकिणतात. सिलिकॉनचे तुकडे मिळतात. एसी आणि फ्रीज बंद करा, आणि फ्रीज पुन्हा चालू करायचं लक्षात राहावं म्हणून प्रॉडक्शनच्या गाडीची चावी त्यात ठेवा. पॅकअपआधी सगळ्यांना उभं करून एक मिनिट नुसत्या जागेचा आवाज आणि दोन मिनिटं गर्दीची कुजबुज वेगळी घ्या.

गाण्यांबद्दल: खऱ्या बारमध्ये गाजलेली फिल्मी गाणी वाजतात, तुम्हाला ती परवडणार नाहीत. रचनेचे हक्क एकाकडे, ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे, आणि दोन्ही लागतात. बारसाठी घेतलेलं सार्वजनिक वादनाचं लायसन्स सिनेमाला उपयोगी नाही. तीन नवी गाणी करून घ्या आणि शूटिंगआधी करा. नंतर केलेलं गाणं पायांशी जुळत नाही.

पायरी ६: गर्दी, दारू, नोटा

अठरा माणसांत बार भरतो. तिघांना कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात पाठमोरे आणि धूसर ठेवा, नऊ जण मधल्या टेबलांवर, बाकी आरशाच्या समोर, म्हणजे ते दुप्पट होतात. ८५ मिलिमीटरची लेन्स लावली की माणसं एकमेकांना चिकटलेली दिसतात. प्रत्येकाकडून तीन शर्ट मागवा. टक्कल, चौकड्यांचा शर्ट आणि झुपकेदार मिशा टाळा, कारण प्रेक्षक नेमकं तेच लक्षात ठेवतो आणि दुसऱ्या रात्रीच्या प्रसंगात तोच माणूस ओळखतो.

व्हिस्की म्हणजे गॅस गेलेल्या कोलात चौपट पाणी. कोरा चहा गार झाला की गढूळ होतो, तो वापरू नका. बिअरचा फेस बसला तर चिमूटभर मीठ टाका. बाटल्यांची लेबलं बदला.

नोटांसाठी खऱ्यासारख्या छापून घेण्याचा मोह आवरा. चलनासारखा दिसणारा कागद बनवणं किंवा वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ मध्ये येतं. त्यापेक्षा दहाच्या खऱ्या नोटा घ्या. शंभराचं बंडल एक हजार रुपयांचं, आणि एका टेकला दोन बंडलं पुरतात. न उडणाऱ्या गड्ड्यांत वर-खाली खरी नोट, मध्ये कोरा कागद. बंडल उधळण्याआधी कडेने फुलवून मोकळं करा, नाहीतर ते चपटं जाऊन थेट नाचणारीच्या तोंडावर लागतं. दर टेकनंतर दोघांनी मोजून गोळा करायचं आणि आकडा लिहायचा.

पायरी ७: रक्त, बाटली, गावठी कट्टा

रक्त: अर्धा लिटर लिक्विड ग्लुकोज, १०० मिलिलिटर पाणी, दोन मोठे चमचे लाल खाद्यरंग, निळ्याचे तीन-चार थेंब आणि एक मोठा चमचा कोको पावडर आधी पाण्यात कालवून. तोंडात जाणार नसेल तर चमचाभर भांडी धुण्याचं लिक्विड टाका, कपड्यांवरून लवकर निघतं. ही मात्रा पांढऱ्या उजेडासाठी. लाल दिव्याखाली हे रक्त पाण्यासारखं फिकट दिसतं. तिथे निळा आणि कोको दुप्पट करा, जवळजवळ काळं वाटेपर्यंत. खाद्यरंगाचा डाग कातडीवर दिवसभर राहतो, म्हणून रक्ताचे प्रसंग त्या कलाकाराच्या दिवसाच्या शेवटी.

डोक्यात फुटणारी बाटली साखरेची: ७०० ग्रॅम साखर, ३३० ग्रॅम ग्लुकोज, ४७५ मिलिलिटर पाणी, १४९ अंशांपर्यंत उकळून साच्यात. रंग पिवळट येतो, म्हणून तपकिरी बिअरचीच करा. मुंबईच्या हवेत ती तासाभरात चिकट होते आणि फुटायऐवजी वाकते. आदल्या रात्री करा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, थेट शॉटला बाहेर. डोळ्यांवर मारू नका. साखरेची धारही कापते.

कट्टा रबराचा किंवा लाकडाचा. काडतूस, अगदी खोटंसुद्धा, सेटवर नको. २०२१ मध्ये अमेरिकेत ‘रस्ट’च्या सेटवर छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा जीव गेला तो खऱ्या गोळीने. नळीतली ठिणगी संकलनात एका फ्रेमची घाला, हाताचा झटका नटाकडून करून घ्या. कट्टा एकाच माणसाच्या ताब्यात, कुलपात. रस्त्यावर तो बाहेर काढायचा असेल तर पोलीस ठाण्यात आधी कळवलेलं असू द्या. लांबून बघणारा माणूस कॅमेरा बघत नाही, ११२ लावतो.

पायरी ८: सर्टिफिकेट डोक्यात ठेवून शूट करा

सेन्सॉरकडे जाताना ‘ए’ मिळणार असं धरून चला. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा असे तीन गट झाले आहेत. सोळाचा गट मिळाला तर प्रेक्षक बराच वाढतो, आणि टीव्हीवर ‘ए’ चालत नाही. बोर्डाचा अंतिम निर्णय पटला नाही तर अपील न्यायाधिकरणाचा रस्ता २०२१ पासून बंद आहे, थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं. या बजेटला तो खर्च झेपणारा नाही.

म्हणून प्रत्येक वादग्रस्त शॉटचा दुसरा, सौम्य टेक त्याच दिवशी, त्याच लाइटमध्ये घ्या: कंबरेऐवजी चेहरा, वाराऐवजी बघणाऱ्याची प्रतिक्रिया, शिवीऐवजी दुसरा शब्द. एका शॉटला पाच-सात मिनिटं जातात. पुढे कट सांगितला गेला की त्या जागी भरायला माल असतो. नाहीतर गाण्याच्या मध्येच उडी दिसते आणि ताल तुटतो. हे टेक वेगळ्या स्लेट (क्लॅपबोर्ड) क्रमांकाने नोंदवा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा.

सिगारेट दिसत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी फिल्म, वीस सेकंदांचं निवेदन आणि प्रत्येक सिगारेटच्या शॉटखाली इशारा लागतो. २००४ च्या बारात हा इशारा जवळजवळ अर्धा सिनेमा पडद्यावर राहील. तो टाळायचा असेल तर सिगारेटी दोन-तीन प्रसंगांपुरत्या ठेवा आणि बाकीचं वातावरण हेझरवर सोडा. इशाऱ्याची पट्टी खाली येते, म्हणून सिगारेटच्या शॉटमध्ये फ्रेमच्या तळाशी हात किंवा पैसे अशी महत्त्वाची हालचाल ठेवू नका. सबटायटल असतील तर ती पट्टीच्या वर सरकवायला सांगा, आणि हे डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत) बनायच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर डीसीपी नव्याने करण्याचे पैसे पुन्हा द्यावे लागतात.